डाव्या बुटाचा नमुना

बायको मायक्रॉनच्या नडगीवर कापूस फिरवत होती आणि मायक्रॉन छताकडे बघत होता. नडगीवर एका ओळीत, सारख्या अंतरावर लाल ठिपके उमटले होते. पाय घसरू नये म्हणून डोंगरी सायकलच्या पेडलवर बारीक लोखंडी खिळे बसवलेले असतात, त्यांचे ते शिक्के होते. खडकाळ उतारावर पाय सटकला, पेडल गर्रकन फिरलं आणि खिळ्यांनी नडगीवर सही केली. ही काही पहिलीच सही नव्हती. जुन्या सह्या अजून पुसट दिसत होत्या.

“‘स्स’ करायचं असेल तर करून घ्या. झोंबणारं औषध आहे.”

“स्स,” मायक्रॉनने आज्ञाधारकपणे केलं.

“थांबा, अजून लावलं नाही.”

मायक्रॉन हे अर्थातच त्याचं टोपणनाव. रबरी वॉशर बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. केसाच्या जाडीइतका फरकही त्याच्या हातून सुटत नसे, म्हणून तिथल्यांनी हे नाव ठेवलं, आणि ते त्याच्यामागून घरापर्यंत आलं. बायको रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. तिने पट्टीची शेवटची गाठ मारली, कात्री डब्यात ठेवली, डब्याचं झाकण लावलं आणि मग निकाल दिला.

“रक्त बघायचा मला पगार मिळतो. घरी येऊन फुकट बघणार नाही. तुमच्या पायातून यापुढे एक थेंब जरी आला, तर ही सायकल माझ्या भावाला देऊन टाकायची.”

“अगं, पण पाय का घसरतो ते मला कळलंय. हे पळायचे बूट आहेत. यांचा तळ कडक आणि गोलसर. सायकलचे वेगळे बूट मिळतात.”

“मग आणा. रविवारपर्यंत आणा. रविवारी तो येणारच आहे.”

भावाला ही बातमी कशी कळली देव जाणे, पण संध्याकाळीच त्याचा फोन आला. तो घरांची दलाली करायचा. कुठली जागा रिकामी होणार हे त्याला मालकाच्या आधी कळत असे, आणि वस्तूंच्या बाबतीतही त्याचं नाक तितकंच तिखट होतं.

“दाजी, फार लागलं का हो?”

“नाही, खरचटलंय नुसतं.”

“आणि सायकलला?”

“सायकलला काही झालं नाही.”

“वा! मग काळजीचं कारण नाही,” मेहुणा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंखुरं समाधान होतं.

मायक्रॉनचा या सायकलवर फार जीव होता. आठवडाभर तो दुसऱ्यांच्या चुका शोधायचा. रविवारी सकाळी टेकडीच्या पायवाटेवर तेवढा वेळ त्याला काहीच मोजावंसं वाटत नसे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तपासनिसाने असं बोलणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी तो सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेला.

“तळ सपाट आणि रबर मऊ असा बूट बघा,” दुरुस्तीवाला चाकावर वाकलेला असतानाच म्हणाला. “खिळे त्यात रुतले पाहिजेत.”

“पण मऊ रबर झिजणार.”

“झिजणारच.”

“मग कडक घेतला तर?”

“कडक टिकतो की. बूट टिकतो, नडगी टिकत नाही.”

“म्हणजे धरणारा आणि टिकणारा, दोन्ही असलेला हवा.”

“सगळ्यांना तोच हवा असतो, साहेब. सापडला तर मलाही सांगा.”

दुसरा कुणी असता तर इथे हसून पुढे गेला असता. मायक्रॉनला मात्र हे आव्हान वाटलं. रबर पकडतं किती आणि झिजतं किती, हाच तर त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता! तो बुटांच्या दुकानात गेला. तिथे त्याने बूट वाकवून पाहिले, तळाला नख रुतवून पाहिलं, एकदोन बुटांचा वासही घेतला. दुकानदार हे सगळं सोशिकपणे बघत होता. शेवटी काळा, निळा आणि पोपटी असे तीन जोड त्याने बाजूला काढले.

“तिन्ही घरी घेऊन जा,” दुकानदार म्हणाला. “आवडेल तो ठेवा, बाकीचे परत आणा. फक्त वापरलेले नकोत.”

“छे, वापरणार नाही,” मायक्रॉनने अगदी मनापासून शब्द दिला. “फक्त तपासणार.”

कारखान्यात वॉशरची नवी रास आली की त्यातला एक नमुना म्हणून उचलायचा, कापायचा, घासायचा, ताणून तोडायचा, आणि तो कसोटीला उतरला की उरलेल्या राशीवर ‘योग्य’ असा शिक्का मारायचा, ही मायक्रॉनच्या खात्याची रीत होती. या रीतीत त्याची उभी हयात गेली होती. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत त्याने तिन्ही खोके उघडले, तेव्हा हात आपोआप त्याच वळणाने गेले. प्रत्येक खोक्यातून त्याने एक बूट नमुना म्हणून घेतला. डावीकडचा आधी हाताला लागला, म्हणून डावा. गोल पात्याच्या दाबयंत्राखाली धरून टाचेपुढे, जिथे पेडल टेकतं त्याच जागी, तळाची नाण्याएवढी चकती कापली. चकत्या खरकागद लावलेल्या फिरत्या नळकांड्यावर घासल्या. खिळ्यांच्या पट्टीवर ठेवून वजनं टांगून ओढल्या.

काळा बूट टिकला, पण पकडेना. निळ्याने पकडलं, पण घासताना त्याचा भुगा झाला. पोपटी मात्र खिळ्यांना चिकटून बसला आणि नळकांड्यावर जेमतेम झिजला. मायक्रॉनने चाचणी पुन्हा घेतली. उत्तर तेच आलं. सगळे ज्याच्या शोधात होते तो बूट त्याच्या टेबलावर होता. पोपटी रंगाचा, पण होता.

खात्याच्या प्रमुख मॅडम डबा संपवून आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

“अभिनंदन, मायक्रॉनराव. आता घालणार कुठला?”

“पोपटी, मॅडम. प्रश्नच नाही.”

“नाही, म्हणजे पोपटी तर खराच,” मॅडम हळूच म्हणाल्या. “पण डाव्या पायात काय?”

मायक्रॉनने पोपटी डावा बूट उचलला. त्याच्या तळाच्या गोल भोकातून समोरची खिडकी दिसत होती. तो बराच वेळ त्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. इतकी वर्षं त्याने लाखो वॉशर तपासले होते, पण वॉशर जोडीने कधी येत नाहीत, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आजच आली.

संध्याकाळी तो खोके बगलेत मारून दुकानात गेला.

“हा पोपटी ठरला,” तो शक्य तितक्या सहज सुरात म्हणाला. “याचा एकटा डावा मिळेल का?”

“साहेब, बूट आहे तो. फणीतलं केळं नाही.”

“मग आणखी एक जोड द्या.”

“तुमच्या मापाचा शेवटचाच होता. नवा माल पुढच्या महिन्यात. पण पहिल्या डाव्याला झालं काय?” दुकानदाराने खोका उघडला आणि तळावरून बोट फिरवलं. बोट आत गेलं. “अरेरे! उंदीर?”

“नाही, मीच. नमुना काढला.”

“आणि या दोघांचा?”

“त्यांचाही. तुलना करायची तर सगळ्यांचा काढावा लागतो.”

दुकानदाराने तिन्ही खोके त्याच्याकडे परत सरकवले. उंदीर असता तर निदान त्याची कीव करता आली असती, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

घरी आल्यावर मायक्रॉनला लपवालपवी काही जमली नाही. बायकोने खोके उघडले. तीन उजवे बूट नवेकोरे होते, तीन डाव्यांना खिडक्या होत्या.

“अहो, हे काय?”

“हा पोपटी सर्वात चांगला आहे. सिद्ध झालंय.”

“ते कळलं हो. पण नवरा जिवंत आहे हे सिद्ध करायला तुम्ही त्याला कापून बघाल का?”

“कारखान्यात असंच करतात.”

“आमच्याकडेही नमुना घेतात. पण माणूस उरतो!” ती म्हणाली, आणि हसू दाबायला स्वयंपाकघरात निघून गेली. आतून तिचा आवाज आला, “रविवार विसरू नका. उजव्या पायाने चालवणार असाल तर तसं सांगा!”

आता मायक्रॉन इरेला पेटला. कापलेली चकती पुन्हा बसवणं शक्य नव्हतं, तिचा अर्धा भाग खरकागदावर राहिला होता. पण कारखान्यात रबराची काय वाण? यंत्रांची थरथर शोषून घेण्यासाठी त्यांच्या पायाखाली एक अतिशय मऊ, चिकट रबर घालतात. बोटाने दाबलं तर बोट सोडायला ते क्षणभर विचार करतं. मायक्रॉनने मॅडमना विचारून त्याचा टाकाऊ तुकडा घेतला, भोकाच्या मापाची चकती कापली आणि औद्योगिक गोंदाने ती पोपटी बुटात अशी बसवली की जोड नखालाही लागू नये. ओढून पाहिलं. गोंद सुटेना. खिळ्यांच्या पट्टीवर ठेवून पाहिलं. पट्टी बुटाबरोबर उचलली गेली.

“वा,” मायक्रॉन स्वतःशी म्हणाला. “मूळ मालापेक्षा सरस.”

ही पट्टी बुटाबरोबर का उचलली गेली, याचा त्याने तिथेच विचार करायला हवा होता. पण यशाने माणसाची नजर अधू होते, आणि मायक्रॉन कितीही झालं तरी माणूसच.

रविवारी सकाळी मेहुणा वेळेआधीच हजर झाला. येताना त्याने एक दोरी आणली होती.

“दोरी कशाला रे?” बायकोने विचारलं.

“गाडीत असतेच ताई. कधी काय बांधून न्यावं लागेल, सांगता येतं का?” त्याने सायकलच्या बैठकीवरून हात फिरवला. “दाजी, ही बैठक थोडी खाली घेता येते ना? माझे पाय जरा आखूड आहेत.”

“आधी मी चालवून येतो,” मायक्रॉन कोरडेपणाने म्हणाला.

“या की. मी इथेच आहे.”

मायक्रॉनने पोपटी बूट चढवले आणि तो इमारतीमागच्या उतारावर गेला. हाच तो दगडधोंड्यांचा उतार, जिथे त्याच्या नडगीने इतके दिवस सोसलं होतं. सायकल उसळली, आदळली, मागचं चाक सरकलं, पण पाय पेडलवरून तसूभर हलले नाहीत. जणू पेडल त्याच्या पायालाच फुटलं होतं. कितीतरी दिवसांनी तो खडकांकडे न बघता झाडांकडे बघत खाली आला. आता कुणाची बिशाद होती सायकल न्यायची!

फाटकापाशी बायको हाताची घडी घालून उभी होती. तिच्या पुढे, अगदी वाटेत, मेहुणा उभा होता. सायकल दिसताच तो दोन्ही हात पसरून पुढे झाला.

“या दाजी, या! धरतो मी. तुम्ही उतरा निवांत.”

त्याने डाव्या बाजूने हँडल पकडलं. मायक्रॉनने ब्रेक दाबले आणि उतरण्यासाठी नेहमीसारखा डावा पाय मागे ओढला. पाय आला नाही. अशा रबरातून पाय सोडवायचा तर आधी बुटाची नाडी सोडावी लागते, पण हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सायकल डावीकडे कलली.

“दाजी, उतरा!”

“उतरतोय!”

“अहो, उतरा म्हणजे खाली या!”

मायक्रॉनने सगळा जोर लावून पाय मागे खेचला. पायाने पेडल सोडलं नाही, पेडलच पायाबरोबर उलटं फिरलं. त्याच्या खालच्या अंगालाही खिळे होतेच. ते मेहुण्याच्या नडगीवरून सावकाश, नीटनेटकेपणाने वरपासून खालपर्यंत गेले. मग मेहुणा, मायक्रॉन आणि सायकल या क्रमाने सगळे जमिनीवर आले.

“रक्त!” मेहुणा ओरडला.

बायको धावली. मायक्रॉनने पडल्या पडल्या आधी स्वतःची पॅन्ट वर करून दोन्ही नडग्या बघितल्या. कोरड्या ठणठणीत.

“माझं नाही!” त्याने खालूनच ग्वाही दिली. “अगं, बघ, एक थेंबही माझा नाही!”

“तुम्ही गप्प पडून राहा,” बायको म्हणाली. ती भावाच्या पायाशी बसली होती. तिने पायजमा वर सरकवला आणि कापूस लावायच्या ऐवजी नुसतीच बघत राहिली.

“ताई, बघतेस काय? पुस ना!”

“थांब रे. बघू दे जरा.”

“मला नको ती सायकल,” मेहुणा डोळे घट्ट मिटून म्हणाला. “फुकट दिली तरी नको. दाजींनाच लखलाभ होवो. ताई, चक्कर येतेय मला.”

“पण तू तर म्हणायचास, डॉक्टरांनी सांगितलंय अंगात रक्तच कमी आहे,” ती शांतपणे म्हणाली. “दर रक्तदान शिबिराला मी फोन करते, आणि दर वेळी तुझं हेच. हे काय मग? छान लालभडक आहे. वाहतंयही मस्त.”

मेहुण्याने एक डोळा उघडून बहिणीकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. दलालीच्या धंद्यात घर बघायला आलेल्या गिऱ्हाईकाने भिंतीमागची ओल शोधून काढावी, तसा त्याचा चेहरा झाला होता.

“जखम भरली की पेढीवर यायचं. नीट तपासून घेऊ. मी स्वतः सुई लावेन,” ती म्हणाली, आणि आता कुठे तिने कापूस बाहेर काढला. “‘स्स’ करायचं असेल तर करून घे.”

मेहुण्याने केलं. औषध लावायच्या कितीतरी आधी केलं.

मायक्रॉन अजून जमिनीवरच होता. डाव्या बुटाची नाडी सोडून त्याने पाय बाहेर काढला. बूट पेडलवर राहिला, पोपटी आणि निश्चल. अनवाणी पायाने लंगडत तो बायकोजवळ आला आणि घसा खाकरला.

“मग सायकल...?”

“सायकल राहू द्या,” पट्टी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली. बोलताना तिने मान वर केली नाही, पण आवाजात कामावरची टापटीप होती. “पुढच्या रविवारी तुमचे थोरले भाऊ येतायत ना? तेही शिबिराच्या दिवशी नेमके गावाला जातात. त्यांना म्हणावं, जरा हँडल धरा.”