केशवरावांची हाकाटी

तिगावजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत केशवराव कडुनिंबावरच्या मचाणावर चढले आणि मागे शिडी धाडकन आडवी झाली. मोबाइल खाली पिशवीत. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच महिने झाले होते. उडी मारायची म्हणजे डॉक्टरांच्या मेहनतीवर पाणी. त्यात मचाणाची एक फळी कुरकुरायला लागली. केशवराव घाबरले, चांगलेच घाबरले.

शेजारच्या हरभऱ्यात गुलाब निंदण करत होता.

"गुलाऽब, धाव रेऽ!"

पण वारा उलटा. गुलाबपर्यंत नुसतं "आऽ रेऽ" पोचलं, आणि या शिवारात मचाणावरून आलेल्या "आऽ रेऽ"चा अर्थ एकच: वानरं आली. गुलाबनेही शेजारधर्म पाळून तिकडून "हाऽ रेऽ" ठोकलं.

केशवरावांनी मचाणावरचा डबा बडवला. गुलाबने जेवणाची थाळी बडवली. केशवरावांनी खांद्यावरचा लाल दुपट्टा फडकावला. गुलाबने टोपी हलवून 'चालू द्या' म्हणून कळवलं. असं करता करता दोन तास गेले.

शेवटी केशवरावांनी गोफण फिरवली. धोंडा नेमका गुलाबच्या पुढ्यात पडला. आता तरी येईल! गुलाब उठला, चार पावलं पुढे आला आणि कडाडला, "भाऊ, तुमची वांदरं माह्या हरभऱ्यात कायले हाकलून राहिले?"

केशवरावांनी तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा निघाली. गुलाब फणकाऱ्याने परत फिरला. तेवढ्यात फळी कडाडली. केशवरावांनी फांदीला घट्ट कवटाळलं, डोळे मिटले आणि घरी वाट पाहणाऱ्या बायकोची, मनकर्णाबाईंची, आठवण काढत मुकाट बसून राहिले.

दहा मिनिटांत गुलाब बांधावरून उड्या मारत आला. "केशवभाऊ! बरे आहा ना? का झालं?"

त्याने शिडी लावली, हात धरून एकेक पायरी उतरवलं. पाय जमिनीला लागले आणि केशवरावांचे डोळे भरून आले. खरखरत्या आवाजात ते म्हणाले, "अरे, दोन घंट्यापासून बोंबलून राहिलो मी!"

"हो ना! तुमी बोंबलत होते तवरिक मले काहीच चिंता नव्हती," गुलाब धापा टाकत म्हणाला. "तुमी गप बसले, तवा मी खुरपं फेकून धावत सुटलो."

केशवरावांना त्याला झापायचं होतं, पण उरलासुरला आवाज त्या एका वाक्यात संपला होता. मग त्यांनी गुलाबला घट्ट मिठीच मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.