आधी आडवा हो

चौधरी सर कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात यायच्या आत तिथल्या पलंगावर आडवे होतात. आडवे झाले की कुशीवर वळतात, एक पाय खाली सोडून जमीन लागते का ते चाचपतात आणि मग निकाल देतात. बहुतेक पलंग नापास होतात. माझ्या पुतण्याच्या लग्नात सर नवरानवरीसाठी झेंडूच्या माळा लावून सजवलेल्या पलंगावर असेच जाऊन पडले होते. बायका दारात थिजून उभ्या, आणि सर छताकडे बघत म्हणाले, "सजवलाय छान. पण माणूस उतरणार कसा यावरून?"

सर बुधवारा मोहल्ल्यात माझ्या शेजारी राहतात. शाळेत त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. आता निवृत्त आहेत आणि दवाखान्यात असतात तसे वरखाली होणारे पलंग बनवतात. माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून हे वेड सुरू झालं. नकाशा सर काढतात, जोडकाम गल्लीतला वेल्डर करतो आणि पेशंट म्हणून मला झोपवतात. माझं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर बसून माझं वजन वाढलंय, आणि त्या वजनाचं कौतुक करणारे जगात सर एकटेच.

पहिल्या पलंगाला त्यांनी ट्रकचा जॅक लावला होता. सरांनी हँडल फिरवलं, उशीकडची बाजू ताडकन उठली आणि माझी पोळीसारखी घडी झाली. मी ओरडलो तर सर शांतपणे म्हणाले, "बोंबलू नको मनोहर, काय काय दुखतं ते एक एक करून सांग." दुसऱ्या खेपेला त्यांनी मला उताणं झोपवून माव्याची जिलेबी भरवली. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि सर खूश. पाठ किती उचलायची ते त्यांना त्या ठसक्यावरून कळलं. उरलेली जिलेबी मात्र त्यांनी खाल्ली.

त्यांचं एक पालुपद आहे, "उभ्या माणसाला काय समजतं?" पलंग घ्यायला आलेल्याला ते आधी स्वतः झोपायला लावतात, कठडे लावतात आणि चहा पिऊन येतो म्हणून निघून जातात. गिऱ्हाईक आतून हाका मारत बसतं. परत आल्यावर सर विचारतात, "कसं वाटलं? आता पेशंटला हाक मारायला लावू नको." काही गिऱ्हाइकं परत येत नाहीत, पण जी येतात ती पक्की.

विकलेला पलंग सर विसरत नाहीत. एकदा मला स्कूटरवर मागे बसवून ते जवळच्या फोपनार गावी घेऊन गेले. तिथल्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने वडिलांसाठी, म्हणजे आप्पांसाठी, पलंग नेला होता. तो मोठ्या प्रेमाने म्हणाला, "सर, काय पलंग बनवला तुम्ही. एकदम मस्त. कापूस बरोबर बसतो."

आम्ही वाकून पाहिलं. पलंग जेवढा वर जातो तेवढा वर केलेला, आणि खाली कापसाच्या गठड्या ठासून भरलेल्या. वर आप्पा देवासारखे विराजमान.

"अरे, हा खाली घ्यायचा असतो," सर म्हणाले. "वर ते सेवा करणाऱ्याच्या कमरेसाठी. खाली ते झोपणाऱ्याच्या पायांसाठी."

"पण सर, पलंगाखाली जागा खाली राहिली तर घरात कोणी सोडतं का?"

सरांनी वाद घातला नाही. आप्पांना आम्ही खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या लेकाला पलंगावर. "आता एक पाय दुखतो समज. उतरून दाखव," सर म्हणाले. त्याने उतरायचा प्रयत्न केला, लुंगी हँडलात अडकली आणि तो बाहेर डोकावणाऱ्या गठड्यांवर जाऊन पडला. आप्पा बोळक्या तोंडाने इतके हसले की सुनेला वाटलं, त्यांना काही झालं. कापूस त्याच दुपारी पडवीत गेला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण सरांच्या घरात हसण्यासारखं फार नव्हतं. मुलगा नितीन इंदूरला असतो. त्याने तिथलं एक सेवाकेंद्र बघून ठेवलं होतं. "बाबा, आईला उचलून उचलून तुमची कंबर गेली, तर दोघांना कोण बघणार?" त्याचंही चुकत नव्हतं. फक्त त्या केंद्रात पेशंटच ठेवतात, नवऱ्याला जागा नाही. दिवाळीत येऊन तो माईंना नेणार होता.

तो आला. सरांनी चार दिवस त्याच्याशी वाद घातला नाही. जायच्या दिवशी माईंना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं आणि त्यांचा पलंग दाखवून नितीनला म्हणाले, "पहिले तू आडवा हो. मग घेऊन जा."

नितीन माझ्यापेक्षा आडदांड आहे. सरांनी पलंग आपल्या कमरेइतका वर घेतला, त्याच्याखालची चादर धरून ओढली आणि त्याला न उचलता या कुशीवरून त्या कुशीवर केलं. तोंड पुसलं. पाठीशी उशी लावली. मग पलंग खाली घेऊन त्याला काठावर बसतं केलं. नितीनचे पाय जमिनीला टेकले, पण तो उठला नाही, तसाच काठावर बसून राहिला.

"बाबा, कंबर दुखत नाही?"

"दुखते ना. पण आधी जास्त दुखायची."

नितीनने माईंकडे पाहिलं. झटक्यानंतर माईंना मोजकेच शब्द येतात. त्यातला त्यांनी एक काढला, "इथंच."

नितीनने अंगणात जाऊन फोन लावला आणि केंद्रातली जागा सोडून दिली. संध्याकाळच्या बसने तो एकटाच गेला.

मी सरांना म्हणालो, "सर, जिंकलात. माईंसाठी केवढं केलंत तुम्ही."

सर ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "लोक म्हणतात, मी तिला रोज उठवतो. अरे, सकाळी तिला उठवायचं असतं, म्हणून मी रोज उठतो. ती गेली असती तर मी कशाला उठलो असतो, सांग."

तेवढ्यात आतून माईंनी कठड्यावर चमचा वाजवला. चहाची वेळ झाली होती. सर गुडघ्यावर हात टेकून उठले आणि "आलो, आलो" म्हणत आत गेले.