फक्कीचं घर

"ही बेडरूम?" मालनबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं. "यात माझं कपाट ठेवलं तर पलंग काय गच्चीवर टाकायचा?"

त्यांचे यजमान सावळीराम गांगुर्डे पायाखालच्या रेघांकडे बघत राहिले. चेहेडीच्या त्या मोकळ्या प्लॉटवर गोटीराम मिस्त्रीने नुकतीच दोरी धरून, पांढरी फक्की टाकून पायाची आखणी केली होती. हॉल, किचन, दोन बेडरूम, सगळं मातीवर रेघांनी. आता आखणीतलं घर जगात कुणालाही खुराड्याएवढंच दिसतं. भिंती उभ्या राहिल्या की तेच ऐसपैस वाटतं. गोटीराम हे तीस वर्षं घरोघरच्या बायकांना सांगत आला होता आणि तीस वर्षांत एकीनेही त्याचं ऐकलं नव्हतं.

"वहिनी, बारा बाय दहा हाय. पलंग, कपाट बसून वर नाचायला जागा राहील."

"मला नाचायचं नाही, मला बघायचंय. सामान इथं आणा. बसलं तर खोदा, नाहीतर खोदायचं नाव काढू नका!"

सावळीरामांनी घड्याळात बघितलं. साडेअकराला जेसीबी यायचा होता. तीन आठवडे गोरक्ष ड्रायव्हरच्या हातापाया पडून त्यांनी हा एक दिवस मिळवला होता. उद्या तो देवळ्याला शेततळी खोदायला जाणार, दोन महिन्यांनी उगवणार, तोवर पावसाळा लागणार. म्हणजे पाया थेट दिवाळीनंतर! जेल रोडच्या दोन भाड्याच्या खोल्यांत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला आता एकेक दिवस जड जात होता. पण मालनबाईंशी वाद घालण्यापेक्षा टेम्पो आणणं लवकर उरकतं, हे ते लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शिकले होते.

टेम्पो भरताना घरमालक बागूल गॅलरीत येऊन उभे राहिले. त्यांना त्या खोल्या साडूसाठी हव्या होत्या आणि "कधी खाली करताय?" हे ते वर्षभर रोज सकाळी न चुकता विचारत होते.

"काय गांगुर्डे, निघालात का?"

"निघालो! नव्या घरी चाललंय सामान!" सावळीराम ऐटीत म्हणाले. हे एक वाक्य म्हणायला बिचारे एकतीस वर्षं थांबले होते, त्यांना तरी काय बोलायचं!

दहा वाजता पलंग बेडरूममध्ये लागला. कपाटही बसलं. "बघ, बसलं की नाही?" म्हणत सावळीराम खुशीत हॉलकडे निघाले, तशा मालनबाई ओरडल्या, "अहो, भिंतीतून कुठं चाललात? दार तिकडं आहे ना!"

सावळीराम दचकले आणि वळसा घालून दारातून गेले. तिथेच घोळ झाला. माणसाने एकदा भिंत मानली की मग संपलंच. मालनबाईंना हुरूप आला. त्यांनी हॉलमध्ये सोफा लावला, दारात पायपुसणं टाकलं, सोफ्याचा फोटो काढून "आमचा नवा हॉल" म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला आणि किचनमध्ये शेगडी मांडून चहा टाकला. ज्याने त्या रेघा स्वतःच्या हाताने मारल्या तो गोटीरामसुद्धा बाहेर चपला काढून आत आला आणि सोफ्याच्या टोकाशी अंग चोरून बसला.

साडेअकराच्या ठोक्याला गोरक्ष जेसीबी घेऊन हजर झाला.

"करू का काका सुरू?"

"कर बाबा, कर!"

गोरक्षने मशीन पुढे घेतलं, थांबवलं आणि डोकं बाहेर काढलं. "पण घालू कुठून? दार तर साडेतीन फुटाचं हाय."

"अरे, दार कुठाय? माती आहे ती!"

"तसं नाय काका. आत वहिनी चहा करताहेत, अन् मी भिंत फोडून येऊ? बरं दिसतं का?" असं म्हणून गोरक्ष खाली उतरला, चपला काढून दारातून आत आला आणि चहा लय भारी झालाय म्हणून दुसरा कप घेऊन बसला.

तो कप संपतोय तोच रिक्षातून यशोदाबाई उतरल्या. या सावळीरामांच्या थोरल्या बहीण. ग्रुपवर फोटो बघून तशाच चांदवडहून निघाल्या होत्या.

"वास्तुशांत केली, अन् सख्ख्या बहिणीला बोलावलं नाय?"

"अक्का, अगं घर कुठाय? वर बघ, आभाळ दिसतंय!"

"स्लॅब राहिला असंल. मला कारणं सांगू नको."

डोळ्यांना पदर लावून यशोदाबाई तरातरा दुसऱ्या बेडरूममध्ये गेल्या. हात फिरवून त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि पाठ फिरवून मातीत बसल्या.

"आतून कडी लावली," गोटीराम हळूच म्हणाला. "आता काय करता!"

सावळीराम रडकुंडीला आले. मशीन उभं, ड्रायव्हर उभा, आणि पाया अडलाय कशापायी, तर नसलेल्या दाराच्या नसलेल्या कडीपायी! एकदा वाटलं, सरळ रेघ ओलांडून आत जावं. पाय उचललाही, पण सगळे असे बघायला लागले की त्यांनी तो मुकाट खाली ठेवला. मग बिचारे भर उन्हात मागच्या बाजूला गेले आणि खिडकीपाशी उभे राहिले.

"अक्का, ऐक ना. ही खोली तुझीच धरलीय मी."

"खोटं."

"गोटीरामची शपथ!"

गोटीरामने कपाळाला हात लावला. अख्खी दुपार खिडकीपाशी मनधरणी चालली आणि यशोदाबाईंनी कडी काढली तेव्हा साडेपाच वाजले होते. तरी उजेडात तासाभराचं काम उरकता येणार होतं. हॉलमधला सोफा रस्त्यावर काढला. बेडरूमचं सामान हलेपर्यंत हॉलकडून सुरुवात करायची ठरलं. जेसीबी घरघरला. सावळीरामांचे डोळे भरून आले आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"गांगुर्डे, नव्या घराच्या शुभेच्छा!" बागूल आनंदाने बोलत होते. "तुमचा टेम्पो गेला अन् साडूला बोलावून घेतलं. त्यांचं देवघरसुद्धा मांडून झालं. तुमचं पिंप अन् दोन बोचकी जिन्याखाली ठेवलीत, सवडीनं न्या!"

म्हणजे जेल रोडच्या खोल्या गेल्या! समोर गोरक्षने लोखंडी पंजा हॉलवर उचलून धरला होता.

"थांब! अरे थांब! माझं घर पाडतोस काय!"

ओरडत ते धावत सुटले. तेवढ्या धांदलीतही दारापाशी थांबले, चपला काढल्या, पायपुसण्यावर पाय पुसले आणि मग हॉलच्या मधोमध दोन्ही हात पसरून पंजाखाली उभे राहिले.

मशीन बंद झालं. सावळीरामांनी अडखळत सगळं सांगितलं. गोटीरामने खाली मान घालून दोरी गुंडाळायला घेतली.

यशोदाबाई आपल्या खोलीच्या खिडकीतून म्हणाल्या, "बघ, वास्तुशांतच होती की नाय? आता सांग, जेवायला काय केलंय?"

रस्त्यावरचा सोफा मालनबाईंनी पुन्हा आत घ्यायला लावला, शेगडी पेटवली आणि डाळ-तांदूळ धुवायला घेतले. अंधारून यायला लागलं होतं.

"अहो," किचनमधून त्यांचा आवाज आला, "बसलात काय? दार लावा आधी, डास येतात."

सावळीराम उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.