वाळवणीचा दांडा व तोकुजिरोंची समुद्रस्वारी

क्योटो शहराच्या उत्तर भागी, एका घराच्या परसात जे रण माजले, ते काळाच्या पोटात गडप न व्हावे, सबब जैसे जाहले तैसे लिहिले असे.

राजमान्य तोकुजिरो कुराहाशी चाकरीतून निवृत्त जाहले आणि चित्तास स्वस्थता नाही, म्हणोन परसात ध्यानाची बाग उभारावी, ऐसी मसलत त्यांनी एकट्यानेच केली. परसात अंमल त्यांच्या कुटुंबाचा, खाशा मित्सुएबाईंचा. गाद्या वाळविण्याचा दांडा हे त्यांचे जुने ठाणे. बाईसाहेब बाजारी गेल्या असता तोकुजिरोंनी दांडा उपटिला, आणि पांढरी खडी पसरली, आणि मधोमध काळा पाषाण स्थापिला, आणि खडी हा समुद्र, त्यावर कोणी पाऊल ठेवू नये, ऐसे फर्मान काढिले. मग मठाचे वृद्ध महंत दोकाई यांस बाग पाहण्यास बोलाविले.

बाईसाहेब परतल्या आणि इतकेच वदल्या, "अहो, गाद्या काय आता समुद्रावर तरंगवू?"

महंत येणार त्या दिवशी तोकुजिरो दंताळे घेऊन लाटा ओढू लागले. ओसरीकडून आरंभ, मग चहूकडून ओढीत, मागे सरत, आपलीच पावले पुसत चालले, तों पाठ पाषाणास लागली, आणि परतीची वाट राखिली नाही हे तेव्हा उमगले. इतक्यात दारी महंतांची चाहूल लागली. खासे पाषाणावर चढले, मांडी घातली आणि डोळे मिटले.

महंतांस वाटले, गृहस्थ समाधीत आहेत. ते हात जोडून, मान लववून ओसरीवर बसले ते बसलेच. तोकुजिरोंचे पाय बधिर जाहले, आणि नाकावर डास बसला, परंतु हलावे तर अब्रू जाते. बाईसाहेबांनी डास पाहिला, वळलेली बोटे पाहिली, आणि सावकाश चहा ओतला.

"महाराज, ऊन काय ते याच कोपऱ्यात येतं. आमचे हे म्हणत होते, दांडा परत लावू या. हो ना हो?"

समाधीतून मान किंचित हलली.

"पावसाळाभर? आणि हिवाळ्यातही?"

मान जोराने हलली. तह पुरा जाहला. मग बाईसाहेबांनी अदबीने पुसिले, "महाराज, थोडा चहा-भात घ्याल का?" हा प्रश्न कानी पडताच पाहुण्याने वहाणा शोधाव्या, हा त्या शहराचा कायदा. महंत तेथलेच, तत्काळ उठले, आणि ऐसी निश्चल समाधी मठातही नाही, ऐसा निर्वाळा देऊन गेले.

दार लागताच तोकुजिरो पाषाणावरून कोसळले आणि चारी हातापायांवर समुद्र ओलांडून ओसरीस लागले. लाटांची धूळदाण जाहली. बाईसाहेबांनी पाय चोळून दिले, मग हाती दांडा दिला.

येणेप्रमाणे तोकुजिरोंची फत्ते जाहली. बाग कायम, लौकिक कायम. हल्ली खासे पाषाणाकडून ओसरीकडे लाटा ओढितात, आणि वर गाद्या वाळतात, आणि त्यांच्या सावलीत खाशांस अशी झोप लागते की चित्तशांतीविषयी तक्रार उरली नाही.