पन्नास सापळ्यांचं तोरण

संघदीप मुनेश्वर सरांनी पाटी आधी करून घेतली आणि काम मागाहून हाती घेतलं, सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. पाटी पितळेची होती, यवतमाळहून खास कोरून आणलेली. वर सरांचं नाव आणि खाली 'समन्वयक, लोकविज्ञान केंद्र'. कपाटातून काढून त्यांनी ती बायकोला, रुपालीला दाखवली.

"पंधरा दिवसांत हे दारावर लागते का नाही, तू फक्त पाह्यत राह्यजो!"

"कोणत्या दारावर?" रुपालीनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. सर बाभुळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, पण तासिकेवर. नऊ वर्षं झाली, दर जुलैत नव्यानं अर्ज करायचा आणि दर एप्रिलात घरी बसायचं. स्टाफरूममध्ये त्यांची म्हणून एक खुर्चीसुद्धा नव्हती, तिथं दार कुठून येणार?

पण या खेपेला दार दिसत होतं. विद्यापीठानं ठरवलं होतं की आपल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत कोंडून न घेता लोकांत जावं, आपण काय शोधतो ते त्यांना कळेल असं सांगावं आणि त्यांचंही ऐकावं. त्यासाठी जिल्ह्यातल्या एका कॉलेजाशी भागीदारीचा करार होणार होता. करार झाला की कॉलेजात केंद्र, आणि केंद्राला पूर्ण वेळ, पक्का समन्वयक. प्राचार्य गावंडे मुनेश्वर सरांना म्हणाले होते, "मुनेश्वर, करार आणा, नाव तुमचंच पाठवतो."

अडचण एकच होती, ती म्हणजे लोक. आधीच्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं साऱ्या जिल्ह्याची पराटी, म्हणजे कपाशी, आतून पोखरून टाकली होती. बाहेरून बोंड हिरवंगार, टपोरं, आणि फोडून पाहिलं तर आत अळी मजेत बसलेली. त्यानंतर जो तो शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला येऊ लागला, आणि ऐकून ऐकून लोकांचे कान किटले. सरांनी ऑगस्टमध्ये 'गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र' असं व्याख्यान ठेवलं, तर अकरा जण आले. त्यातले आठ कॉलेजचेच होते, दोघं पंख्याखाली बसायला आले होते आणि एक जण हरवलेली बकरी शोधत आला होता. विद्यापीठानं कळवलं की आणखी एकदा प्रयत्न करा, किमान शंभर माणूस पाहिजे, नाही तर आम्ही वणीच्या कॉलेजाशी बोलतो.

वणीचं नाव ऐकलं आणि सर पेटले. त्यांनी दिवाळीनंतरचा दिवस धरला. विद्यापीठातून बोंडअळीवर संशोधन करणाऱ्या डॉ. उर्वशी मॅडम येणार होत्या. शेतकऱ्यांना वाटायला म्हणून त्यांनी पन्नास कामगंध सापळे आधीच पाठवून दिले. हा सापळा म्हणजे पिवळं नरसाळं आणि त्याखाली लांब पिशवी. वर मादीच्या वासाची एक छोटी गोळी बसवायची, की बोंडअळीचे नर पतंग त्या वासावर येतात आणि पिशवीत पडतात. साधी गोष्ट आहे. पण सरांनी पत्रकावर ती साधेपणानं लिहिली नाही. लोकांची उत्सुकता वाढावी म्हणून मोठ्या अक्षरात 'शेवटी मोफत वाटप' एवढंच छापलं आणि कशाचं वाटप ते मुद्दाम गुलदस्त्यात ठेवलं. आपल्या या हुशारीवर ते फार खूश होते.

आदल्या दिवशी ऑटोला भोंगा लावून सर खेडोपाडी फिरायला निघाले. जाताना कॉलेजचे शिपाई लखीरामभाऊ राठोड यांना सांगून गेले, की मॅडम पहिल्यांदा येऊन राहिल्यात, आवार असं सजवा की पाहत राहिल्या पाहिजेत. लखीरामभाऊ तालुक्यातल्या लग्नांचे मांडव घालायचे, सजावटीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. फक्त सजावटीसाठी कॉलेजनं त्यांना दिलं होतं काय, तर एक सुतळीचा गुंडा. भाऊंनी इकडंतिकडं पाहिलं, तेव्हा ऑफिसात खोकं दिसलं. आत पन्नास पिवळीधमक नरसाळी! पाहुण्याकडून आलेली वस्तू अशी खोक्यात कोंबून ठेवायची नसते, चारचौघांत मांडायची असते, हे लग्नघरी वावरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. माहितीपत्रकावर चित्र होतं, चित्रात गोळी बसवलेली होती, म्हणून भाऊंनी प्रत्येकात गोळीही बसवली. रिकामं कशाला टांगायचं? दिवस मावळायच्या आत गेटावर, मांडवावर आणि आवाराच्या चारही भिंतींवर तोरण लागलं.

सर त्या दिवशी परस्पर घरी गेले. सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजच्या गेटाशी आले आणि जागच्या जागी थिजले.

पन्नासच्या पन्नास पिशव्या हलत होत्या. पंचक्रोशीतला जो जो नर पतंग रात्री लग्नाच्या विचारात होता, तो कॉलेजात मुक्कामाला आला होता. करड्या, मातकट रंगाचे हजारो पतंग, काही मेलेले, काही फडफडणारे. उरलेले मांडवाच्या पांढऱ्या कापडावर तीळ पेरल्यासारखे बसले होते.

"कसं वाटते सर?" लखीरामभाऊंनी झाडू बाजूला ठेवून विचारलं. "रातच्यातून भरले सारे."

सरांना काही वाटायच्या आत गावाला वाटून गेलं होतं. दूध घालायला निघालेल्यांनी पिशव्यांतले पतंग पाहिले आणि ओळखले नाहीत असं कसं होईल, ज्या किड्यानं वर्ष खाल्लं तो शेतकरी विसरतो का! त्यात कोणाच्या तरी खिशात ते पत्रक निघालं. पिशव्यांत बोंडअळीचं पाखरू, पत्रकावर 'शेवटी मोफत वाटप'. लोकांनी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि बातमी गावोगाव गेली, की कॉलेजवाल्यांनी बोंडअळी पाळली आणि आज ती फुकट वाटून राह्यले.

नऊ वाजेपर्यंत चारशे माणूस जमलं. सरांनी स्वप्नात मागितलं होतं त्याच्या चौपट! पण एकाचीही मुद्रा व्याख्यान ऐकायला आल्यासारखी नव्हती. सगळ्यांच्या पुढं इंदूबाई उभ्या होत्या. पाच एकरांची पराटी एकटीनं वाहणारी बाई, मागच्या वर्षी तिनं उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला होता. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि सरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"मागच्या साली वावरात येऊन खाल्लं तेवढ्यानं भागलं नाही का, मास्तर? आता घरपोच देऊन राह्यले?"

"नाही मावशी, हे सापळे..."

"मंग झाकून काहून ठेवलं? लिवाचं होतं न कागदावर."

बाई शंभर टक्के बरोबर बोलत होती.

गर्दी गेट रेटू लागली तसे प्राचार्य गावंडे आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी सरांना बोलावून घेतलं. गावंडे सर वाईट माणूस नव्हते, पण संकट आलं की त्यांना आधी कागद आठवायचा. पोलिसांपर्यंत गेलं तर फाइलमध्ये काहीतरी पाहिजे, असं म्हणून त्यांनी लेखी खुलासा मागितला, तोही उभ्या उभ्या.

नऊ वर्षं अर्ज लिहून सरांचा हात या कामात चांगलाच बसला होता. पेन जे सुटलं ते थांबेचना! 'सदर सापळे टांगण्याची कल्पना, मांडणी व अंमलबजावणी संपूर्णतः श्री. लखीराम राठोड, शिपाई यांची असून त्यात माझा कोणताही सहभाग नाही.' 'कोणताही'च्या खाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. सही, तारीख, आवक क्रमांक, शिक्का. लखीरामभाऊ पक्के नोकर आहेत, त्यांची नोकरी जाणार नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण भाऊ दारात उभे होते आणि सरांची नजर काही वर होईना. याच माणसानं नऊ वर्षं स्वतःचं स्टूल त्यांना बसायला दिलं होतं. सरांना स्वतःची लाज वाटली. कागद मात्र त्यांनी परत मागितला नाही.

भाऊंनी खुलासा वाचला आणि खाली सही केली. "बरोबरच लिवलं हाय सर. मीच टांगले."

कागद कराराच्या फाइलला लागला आणि तेवढ्यात विद्यापीठाची जीप आली.

उर्वशी मॅडम उतरल्या आणि गेटाखालीच थबकल्या. या पिशवीपासून त्या पिशवीपर्यंत गेल्या, वाकल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला. सरांना वाटलं, संपलं, गेलं वणीला. हे कोणी लावलं, एवढंच त्यांनी विचारलं, आणि सर चारशे लोकांदेखत ओरडले, "मॅडम, मी नाही! हे लखीरामभाऊ!"

मॅडमनी एक पिशवी सोडली आणि सरळ इंदूबाईंच्या हातात दिली. एकही पाळलेला नाही, म्हणाल्या. सगळे नर आहेत आणि काल रात्री इथल्याच शिवारातून उडत आलेत. इंदूबाईंना ते पटलं नाही. आमच्या वावरात दिवसभर राबतो, आम्हाला एक दिसत नाही, आणि इथं हजार कुठून आले? मॅडम म्हणाल्या की हे रात्रीच उडतात, पण नेमके कुठून आले ते मलाही माहीत नाही. शास्त्रज्ञ बाई 'मला माहीत नाही' म्हणते, हे ऐकून रेटणारी गर्दी दोन पावलं मागं सरली.

तेव्हा लखीरामभाऊ पुढं आले. "मॅडम, गेटावरच्या पिशव्या अर्ध्याच हायत. मागच्या भिंतीवरच्या काठोकाठ. मांगं जिनिंग हाय. जुनी सरकी पडून हाय तेथी."

जुन्या सरकीत, म्हणजे कापसाच्या बियांत, अळी दडून राहते, हे मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी वही काढली. "चला," त्या म्हणाल्या, आणि चारशे माणूस त्यांच्या मागून मागच्या भिंतीकडं निघालं. तिथं मोजणी सुरू झाली. इंदूबाईंनी पदर खोचला, पिशवी जमिनीवर पालथी केली आणि दहा-दहाचे वाटे लावायला बसल्या. गेटाकडच्या पिशवीत एकतीस, जिनिंगकडच्या पिशवीत एकशे अठ्ठावीस! मग प्रश्नांना अंत राहिला नाही. मागच्या सालची पराटी उपटली नाही तर काय, सरकी झाकली तर काय, फवारणी कधी करायची. दोन तास कोणी हललं नाही. शाली आणि नारळ खोक्यातच राहिले, प्राचार्यांचं भाषण खिशातच राहिलं. निघताना लोकांनी पन्नास सापळे भांडून नेले. हजेरीच्या वहीत चारशे बारा सह्या झाल्या.

मॅडमनी जाताना कार्यक्रमाची कागदपत्रं मागितली. ऑफिसनं कराराची अख्खी फाइलच पाठवून दिली.

बाराव्या दिवशी पत्र आलं. प्राचार्यांनी सगळ्या स्टाफला बोलावून ते मोठ्यानं वाचलं. भागीदारी मंजूर! सरांनी शर्टाची कॉलर नीट केली. केंद्र मंजूर! सर अर्धे उठले. "...आणि समन्वयकपदी, सोबतच्या खुलाशात स्पष्टपणे नमूद केल्यानुसार ज्यांची कल्पना, मांडणी व अंमलबजावणी आहे, ते श्री. लखीराम राठोड."

सर तसेच, अर्धे उठलेले, राहिले. खाली बसावं की पूर्ण उठावं, सुचेना. काहीतरी चूक झाली असेल, असं ते कसंबसं म्हणाले. प्राचार्यांनी फाइलचं पान उलटून त्यांच्यापुढं धरलं आणि शांतपणे विचारलं, "सही तुमचीच हाय न?"

घरी रुपालीनं सगळं ऐकलं. हसली नाही, हे तिचे उपकार. पितळ महागाचं आहे, म्हणाली, वरच्या नावावर भाऊंच्या नावाचा कागद डकवून देऊन टाका.

तर केंद्राच्या दारावर ती पाटी लागली. कॉलेजातली प्रत्येक पाटी लखीरामभाऊच ठोकायचे, तेव्हा हीही त्यांनीच ठोकली. ते स्टुलावर चढले, आणि स्टूल धरायला संघदीप सर होते. तेच स्टूल, ज्यावर सर नऊ वर्षं बसले होते.

भाऊंनी शेवटचा खिळा मारला आणि मान तिरपी करून पाटीकडं पाहिलं.

"वाकडी लागली अशीन तं आताच लिवून ठेवा सर," ते म्हणाले. "टांगली मीच हाय."