प्रिय फुग्या, तुझी आठवण येते

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही. एक परकी कंपनी, जिनं कधी आप्पांचं तोंड पाहिलं नाही की आवाज ऐकला नाही, ती आप्पांच्या आठवणीनं झुरली, कळवळली आणि शेवटी तिनं निर्वाणीचा निरोप धाडला, असं सांगितलं तर शेंबडं पोरसुद्धा "काहीही काय!" म्हणेल. म्हणू दे. यातला शब्द न् शब्द खरा आहे. एखादा खोटा निघालाच, तर तो सांगणाऱ्याचा नव्हे, गोष्टीतल्या माणसांचा.

आप्पांची सून डिझायनर होती. घरातल्याच एका खोलीत टेबल मांडून ती लोकांच्या वेबसाइटी सजवून द्यायची. तिची काही मतं होती, आणि ती ऐकल्याशिवाय त्या घरात कोणाच्या हाती चहाचा कप पडत नसे.

"पूर्वी सॉफ्टवेअर विकत मिळायचं," ती म्हणायची. "खोकं यायचं खोकं! एकदा आणलं की आपलं. आता सगळं भाड्यानं. एक महिना भाडं चुकलं की आपणच काढलेलं चित्र आपल्याला उघडता येत नाही. माझंच कपाट, माझेच कपडे, आणि किल्ली शेजाऱ्याकडे!"

"मग करणार काय?" नवरा विचारायचा.

"उघडी फिरेन, पण भाडं देणार नाही!"

"अगं हळू. आप्पा बसलेत बाहेर."

तिच्या पहिल्या कमाईचं ते खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर होतं. अधूनमधून ती ते खाली काढायची, पुसायची, कोणी बघत नसेल तर नाकाशी न्यायची. नवऱ्यानं लग्नाआधी लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठाही त्याच फळीवर होता; तो मात्र अजून एकदाही खाली आला नव्हता.

पण त्या खोक्याला स्थिर चित्रं तेवढी काढता येत, आणि जगाला आता सगळं हलणारं हवं होतं. छत्र्या विकणाऱ्या एका दुकानदाराचं काम तिच्याकडे आलं. त्यानं पहिल्याच भेटीत बजावलं, "ताई, बोट वर सरकवलं की पडद्यावर छत्री उघडली पाहिजे. पण फट्‌कन नाही हां! नुकतं जागं झालेलं माणूस आळस देतं ना, तशी."

असा आळस द्यायला एक नवं ॲनिमेशनचं हत्यार निघालं होतं. अर्थात भाड्याचं. मात्र पहिला पंधरवडा फुकट. सुनेनं या पंधरवड्याचा उसासारखा रस काढला होता. आधी स्वतःच्या ईमेलवर घेतला, मग नवऱ्याच्या, मग दिराच्या. मग घरातल्या मांजराच्या नावानं पत्ता काढून त्यावरही घेतला. हे अख्खं खानदान ॲनिमेशनसाठी वेडं झालंय, अशीच त्या कंपनीची समजूत झाली असणार. आता घरात एकच ईमेल उरला होता, आप्पांचा. तो पेन्शनसाठी काढलेला, आणि त्यात पेन्शनखेरीज दुसरं कोणी कधी डोकावत नसे.

तिनं आप्पांचा पत्ता घातला. पुढचा रकाना होता: तुला कोणत्या नावानं हाक मारू? आता इथं "आप्पा" लिहून गप्प बसावं की नाही? पण तिचा हात वळवळला. आप्पांच्या एका जुन्या फोटोमागं वाचलेलं नाव तिनं लिहिलं, "फुग्या".

छत्री झाली. सुरेख झाली. आणि दुकानदाराला दाखवायच्या आदल्याच दिवशी फुकटचा पंधरवडा संपला. पडद्यावरची छत्री अर्धी उघडून तशीच अडकली. ना उघडी, ना मिटलेली. पुढे जायचं तर पैसे भरा.

"भर ना पैसे नि मोकळी हो," नवरा म्हणाला.

"पैशांचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व महाग पडतं. दुकानदाराकडून मुदत मागून घेऊन ती छत्रीची एकेक काडी स्वतः कोड लिहून हलवायला बसली. फुग्याला ती साफ विसरून गेली. कंपनी मात्र विसरली नाही.

एका सकाळी आप्पा फोन छातीशी धरून तिच्या दारात उभे राहिले. त्यांच्या फोनवर सगळं मराठीतच यायचं.

"सूनबाई, हे जरा वाच बरं. मोठ्यानं."

तिनं वाचलं. "प्रिय फुग्या, बरेच दिवस झाले, तू इकडे फिरकला नाहीस. तुझ्याशिवाय इथं सुनंसुनं वाटतं. तुझी आठवण येते. तुझे मित्र."

हाच मजकूर तिला आला होता. नवऱ्याला आला होता. मांजरालाही आला होता.

"काडीचा निरोप आहे," आप्पा म्हणाले.

फुग्या या नावानं आप्पांना हाक मारणारा जगात एकच माणूस होता. दोघं एकाच टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. आप्पांचे गाल फुगलेले म्हणून ते फुग्या, आणि तो वाऱ्यानं उडेल असा म्हणून काडी. सिनेमाच्या दोन मशीनवर दोघं उभे. जन्म त्या खोलीत गेला. पुढे टॉकीज बंद पडायची ठरली. शेवटचा खेळ, हाऊसफुल्ल गर्दी, मालक स्वतः पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसलेला. आणि नेमकी त्या खेळाला रिळं उलटीसुलटी लागली. खलनायक कड्यावरून पडून मेला आणि पुढच्याच रिळात हसत हसत वाढदिवसाचा केक कापायला लागला! रडायला आलेली माणसं पोट धरून हसली. चूक कोणाची? फुग्या म्हणाला काडीची, काडी म्हणाला फुग्याची. त्या दिवशी जिना उतरताना जो अबोला धरला, तो आजतागायत. काडी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. मध्ये एकच पूल होता. तो दोघांपैकी कोणी ओलांडला नव्हता.

"आप्पा, हे म्हणजे..." सुनेनं तोंड उघडलं.

"नाव घातलं नाही बघ खाली. लाजला असेल. पहिल्यापासून तसाच. बायको माहेरी गेली की तिला पत्रसुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायचा गाढव." आप्पा हसले. त्या घरात येऊन सुनेला इतकी वर्षं झाली होती, पण आप्पांचे हसताना गाल खरंच फुगतात, हे तिनं आज पाहिलं. उघडलेलं तोंड तिनं मिटलं. उद्या सांगू.

उद्या उजाडला तो दुसरा निरोप घेऊनच. "प्रिय फुग्या, आमचं काही चुकलं का? चुकलं असेल तर मोकळेपणानं सांग."

आप्पा अख्ख्या घरभर फिरले. "वाचलंस? कबूल झाला! इतकी वर्षं लागली, पण झाला! ‘आमचं’ म्हणतोय. मोठेपणानं बोलतोय लेकाचा, पण झाला ना कबूल!"

"मग आप्पा, उत्तर द्यायचं का?" तिनं घाबरत विचारलं.

"छट्! थोडा शिजू दे अजून."

त्या दिवशी आप्पांनी मिशा कातरल्या. टॉकीजमधली जुनी बॅटरी शोधून तिच्यात नवे सेल घातले. संध्याकाळी गॅलरीत बसून शीळ घालायला लागले, तेव्हा नवरा सुनेला आत ओढून म्हणाला, "हे तू निस्तर. पैसे भर, म्हणजे निरोप तरी थांबतील."

तिची मोठी पंचाईत झाली. पैसे भरले तर छत्री उघडणार, दुकानदार खूश होणार, पण आप्पांची आठवण काढणारं जगात कोणी उरणार नाही. आणि नाही भरले, तर हे लचांड वाढतच जाणार. भाड्याचं सॉफ्टवेअर तिनं पाहिलं होतं; भाड्याचा जिव्हाळा पहिल्यांदाच बघत होती, आणि तोही भाडं थकल्यावर जास्त उतू जाणारा.

तिसरा निरोप: "फुग्या, फक्त तुझ्यासाठी! आता निम्म्यावर."

"निम्म्यावर म्हणजे?" आप्पांनी भुवया चढवल्या. "म्हणजे अर्धी चूक माझी म्हणतोय? वा रे वा! पूर्ण हवी. अर्धी चालणार नाही."

"आप्पा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"तू मध्ये पडू नकोस सूनबाई. ही आमची जुनी बोलणी आहेत."

ती मध्ये पडली नाही. मग चौथा निरोप आला. "प्रिय फुग्या, ही शेवटची वेळ. उद्या सगळं कायमचं पुसलं जाईल. अजूनही परत ये."

आप्पांनी तो दोनदा वाचला. मग बूट घालायला बसले.

"कुठे निघालात?"

"तो चाललाय. उद्यापर्यंत टिकत नाही म्हणतोय. गाडी काढ."

"आप्पा, ऐका तरी! तो निरोप काडीकाकांचा..."

"गाडी काढतेस, का चालत जाऊ?"

तिनं गाडी काढली. पहिल्या सिग्नलला सांगायचं ठरवलं. तो हिरवा होता. दुसऱ्या सिग्नलला लाल लागला, पण तिथं आप्पाच बोलायला लागले.

"रीळ संपत आलं ना, की चित्राच्या कोपऱ्यात एक ठिपका यायचा. लोकांना दिसत नसे. आम्हाला दिसायचा. मी म्हणायचो, ‘आला.’ की काडी म्हणायचा, ‘घेतला.’ त्याचं मशीन सुरू, माझं बंद. हजार माणसं खाली बसलेली, पण कोणाला पत्ता नाही. टॉकीज गेली, बरं झालं, पायांना आराम पडला. पण मी ‘आला’ म्हणालो की ‘घेतला’ म्हणणारं कोणी नाही गं."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता. तिनं पूल ओलांडला.

काडीच्या घराचं दार उघडंच होतं. मरणपंथाला लागलेला काडी स्टुलावर चढून पडद्याची दांडी ठोकत होता. तोंडात दोन खिळे होते. दारात आप्पांना बघून ते खिळे खाली पडले.

"तू मरत नाहीयेस?" आप्पा म्हणाले.

"तुझी फार इच्छा दिसतेय," काडी म्हणाला. "नाही जमलं. पुढच्या वेळी कळवून ये."

"मग हे काय?" आप्पांनी फोन पुढे केला.

काडी स्टुलावरून उतरला, चष्मा शोधला, चष्म्याला बांधलेला दोरा सोडवला आणि वाचायला लागला. एकेक निरोप वाचताना त्याचा जबडा खाली खाली येत होता. त्यानं नजर वर केली. आप्पांच्या मागं उभी राहून सून त्याला हात जोडत होती. तिनं मान हलवली, डोळे मिचकावले, शेवटी कानही धरले. काडीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फुग्याकडे.

"हो," काडी म्हणाला. "मीच धाडले."

सुनेनं धरलेले कान सोडले.

"रिळांचे डबे मीच उलटे लावले होते रे, फुग्या. त्या दिवशी डोळ्यांना नीट दिसतच नव्हतं. पाणी येत होतं सारखं."

"डबे तू लावलेस," आप्पा खाली बघत म्हणाले, "पण न बघता मशीनवर चढवले मीच ना."

"म्हणून तर लिहिलं, निम्म्यावर!" काडी ताडकन म्हणाला.

त्यानंतर दोघं जे बोलत सुटले, ते दिवेलागणीपर्यंत. सून स्वयंपाकघरात काडीच्या बायकोशेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी कंपनीनं फुग्याचं सगळं पुसलं, छत्रीसकट. सुनेनं हातानं लिहिलेली छत्री घाईघाईत दुकानाच्या वेबसाइटवर चढवली आणि एका चुकीमुळे तीसुद्धा अर्ध्यावरच अडकली. ती माफी मागायला दुकानात गेली, तर दुकानदार म्हणाला, "हात लावू नका ताई! लोक विचारायला येतात, छत्री अडकली का म्हणून. आलेला माणूस एक घेऊनच जातो."

आता दर रविवारी काडी पूल ओलांडून येतो. गॅलरीत खुर्च्या मांडल्या जातात, शेजारी जमतात, आणि काडी रंगात येऊन तीच गोष्ट सांगतो. दर रविवारी तिला नवी पालवी फुटलेली असते.

परवाही त्यानं सुरुवात केली. "विश्वास बसणार नाही तुमचा! याचा रुसवा काढायला मी काय काय केलं. रात्र रात्र जागलो. एकेक अक्षर टाइप केलं. बोटं सुजली. ‘आठवण येते’ लिहिताना तर तीनदा खोडलं..."

सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे गाल हळूहळू फुगत गेले, आणि शेवटी त्यांना राहवेना.

"खोटारडा!" आप्पा ओरडले. "जन्मात कधी बायकोला दोन ओळी लिहिल्या नाहीस, आणि मला लिहितोस? अरे, खाली बारीक अक्षरांत चक्क छापलेलं होतं, ‘हा निरोप यंत्रानं पाठवला आहे, उत्तर देऊ नये.’ पहिल्याच दिवशी चष्मा लावून वाचलं होतं मी!"