परवाना आर्डिसचा

निकाल वाचल्यावर व्हर्लिन हॉगनने चष्मा पुसला आणि पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. मोंटानातल्या नदीकाठच्या घळींत एल्क या थोराड हरणाची शिकार करायची तर सोडतीत नाव निघावं लागतं. सोळा वर्षं तो नाव घालत होता. दर वर्षी नाव हुकायचं आणि पुढच्या सोडतीसाठी एक गुण वाढायचा. यंदा त्याने बायकोचंही नाव घातलं होतं, तिला न विचारता. तिचेही गुण साठायला लागतील, एवढाच विचार.

"आर्डिस, तुला नर एल्कचा परवाना मिळालाय."

"मला? मी कधी मागितला?"

"मी मागितला. तुझ्या नावाने."

"आणि तुला काय मिळालं?"

"सतरावा गुण."

आर्डिस बटाटे सोलायचे थांबवून इतकी हसली की कुत्रं उठून बाहेर गेलं.

"हसू नकोस. तू नुसती बरोबर चल, गोळी मी घालतो."

"परवाना माझा आणि बंदूक तुझी? पकडले गेलो तर दोघंही आत. त्यापेक्षा मीच घालते."

शेतावर वाढलेल्या आर्डिसला बंदूक नवी नव्हती. त्यात सत्तावीस वर्षं तिने आडगावांतून टपाल वाटलेलं. कुठलं फाटक कुणाचं, कुठला रस्ता पावसात खचतो, सगळं तोंडपाठ. तिने व्हर्लिनचे नकाशे टेबलावर पसरले. लाल फुल्याच फुल्या.

"इथं एल्क पाडलास. मग मांस बाहेर कसं काढणार?"

"ते नंतर बघू."

"सोळा वर्षं झाली, व्हर्लिन. नंतर म्हणजे कधी?"

मग तिने उलटा बेत आखला. घरच्या फ्रीझरपासून गाडी, गाडीपासून पायवाट, पायवाटेपासून एका फेरीला किती वेळ. आणि मग जनावर कुठे पडलं पाहिजे. व्हर्लिनची लाडकी वाट सरकारी जमिनीत शिरण्याआधी एका माणसाच्या गव्हातून जात होती. आर्डिसने त्याला फोन केला, त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि परवानगी घेतली. व्हर्लिनकडे एकच काम आलं, ओझं वाहण्याचं. सरावासाठी तो उन्हाळाभर पाठीवर कोंबडीखाद्याचं पोतं घेऊन शाळेच्या मैदानाच्या पायऱ्या चढत राहिला.

"काय रे," दुकानदार गस ओरडायचा, "त्या पोत्याला रोज फिरवून आणावं लागतं का?"

ऑक्टोबरअखेर दोघांनी तंबू ठोकला. तिसऱ्या दिवशी सकाळी खोल घळीच्या तळाशी तो दिसला. घोड्याएवढा नर, डोक्यावर शिंगांचं झाड. व्हर्लिनचे डोळे भरून आले.

"घाल!" तो कुजबुजला. "आर्डिस, घाल गोळी!"

"वर कोण आणणार?"

"मी!"

"काल पाण्याची बादली आणताना दोनदा बसलास."

तिने बंदूक खाली घेतली. एल्क शांतपणे झुडपांत शिरला. संध्याकाळी व्हर्लिन ताटातल्या घेवड्याकडे रागाने बघत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पायवाटेच्या वरच्याच उतारावर मध्यम शिंगांचा एक नर आला. आर्डिसने घाई केली नाही. तो आडवा वळेपर्यंत थांबली, श्वास सोडला आणि एकच गोळी झाडली. एल्क चार पावलं चालून कोसळला. अशी नेमकी गोळी व्हर्लिनच्या स्वप्नातल्या एल्कलाही कधी लागली नव्हती. त्याने टोपी काढली.

दुपारी मागची तंगडी पाठीवर घेऊन तो गाडीपाशी पोचला, तेव्हा जंगलखात्याचा तरुण अधिकारी परवाने तपासत होता.

"जनावर कुणाचं, काका?"

"हिचं."

"आणि बेत कुणाचा?"

"यानेच सोळा वर्षं नकाशे काढले, सतरा गुण साठवले," आर्डिस म्हणाली.

"ते नकाशे सोड," व्हर्लिन म्हणाला. "त्या नकाशांनी गेलो असतो तर आत्ता घळीच्या तळाशी रडत बसलो असतो. बेत हिचा."

अधिकारी हसला. "पुढच्या वर्षी तुमचा नंबर लागेल, काका. सतरा गुण म्हणजे थोडे नाहीत. नाव घालाल ना?"

व्हर्लिनने तंगडी गाडीत ठेवली, पाठ सरळ केली आणि पुढच्या फेरीसाठी रिकामी पाठपिशवी खांद्याला लावली.

"घालीन की. पण हिचंच." त्याने पट्टा करकचून आवळला. "मी गोळ्या घालत बसलो तर वाहणार कोण?"